काठोकाठ भरलेल्या टाकीतला मागूर

मित्रांनो, मी मत्स्यबीज केंद्रातला एक जुना मागूर मासा आहे. अंगावर खवला एकही नाही, पण तोंडाभोवती मिशा मात्र आठ! डोळे माझे बेताचेच. गढूळ पाण्यात चव, वास, वाट, सगळं या मिशाच सांगतात.

माझा जन्म तळ्याकाठच्या बिळात झाला. आई अंडी घालून गेली आणि बाबांनी डोळ्यांत तेल घालून आम्हाला राखलं. उन्हाळ्यात तळं आटलं की इतर मासे हवालदिल होत, मी खुशाल चिखलात दडून बसे. माझ्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखा एक अवयव आहे ना! वर येऊन मी हवेचा घोट घेतो. तो मिळाला नाही, तर भरल्या पाण्यातही गुदमरतो. माशाने पाण्यात बुडून मरावं, याहून मोठी नाचक्की कोणती?

ती वेळ माझ्यावर आलीच. केंद्रातल्या बाईंनी मला पैदाशीसाठी टाकीत आणलं. टाक्यांची देखभाल मामांकडे होती. एका दमट सकाळी मी टाकीबाहेर उडी घेऊन, छातीजवळच्या परांच्या काट्यांवर रेटत रेटत फिरायला निघालो आणि थेट मामांच्या चपलेत जाऊन विसावलो. चपलेत पाय घालताच मामांनी जी उडी मारली, तशी मला आजवर जमलेली नाही.

बाई परगावी होत्या. मामांनी टाकी काठोकाठ भरली, वर काच ठेवली, काचेवर दगड. "आता राहा सुखाने," ते मायेने म्हणाले.

पाण्याच्या वर बोटभरही हवा उरली नव्हती. मी काचेला धडका देऊ लागलो.

"बघ, कसा नाचतोय!" मामांनी डबा घेऊन आलेल्या मामींना कौतुकाने दाखवलं.

मामींना दम्याचा त्रास. केंद्राचा चढ चढून त्या टाकीशेजारी टेकल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"अहो, नाचत नाहीये तो. धाप लागलीय त्याला."

"माशाला कसली धाप? एवढं पाणी आहे की!"

"मलाही सगळे हेच म्हणतात, हवा तर भरपूर आहे! उचला ते झाकण."

"पळेल गं पुन्हा."

मामी तशाच धापा टाकत उठल्या. दगड त्यांनीच ढकलला, काच त्यांनीच सरकवली. मी वर येऊन गटकन हवा गिळली. असा गोड घोट मी जन्मात घेतला नव्हता. मामा खजील होऊन कधी माझ्याकडे, कधी मामींकडे बघत राहिले. मग त्यांनी वीतभर पाणी काढलं आणि काचेच्या जागी जाळी बसवली.

मित्रांनो, मामांची माया खोटी नव्हती, फक्त आंधळी होती. ज्याला सांभाळता, त्याला काय हवं ते आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर घडीभर शेजारी बसून बघा. मामा हे माझ्यापुरतंच शिकले नाहीत. आता दुपार झाली की डबा आणायला ते स्वतःच चढ उतरून मामींकडे जातात.