रंगाखाली राहिलेलं टोक

मी वायर बोलतेय. विजेची नाही, स्पीकरची. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दिवे लावणाऱ्या त्या जाड वायरींचा घरात फार तोरा असतो. मी बैठकीच्या खोलीच्या भिंतीत आहे. माझं एक टोक टीव्हीमागे आवाजाच्या यंत्राला जोडलंय. दुसरं नेमकं कुठे आहे, ते या घरात कोणालाच सांगता येत नाही.

कारखान्यात तांब्याच्या केसासारख्या बारीक तारा पिळून माझ्या दोन शिरा केल्या, वर कातडी चढवली आणि एकीवर लाल रेघ ओढली. मग दुकानात मी गुंडाळून पडून राहिले. समोर एक स्पीकर दिवसभर वाजायचा. त्याला जोडलेली वायर माझ्याच जातीची. ती म्हणायची, "अगं, गाणं अंगातून जातं ना, तेव्हा..." आणि तिथेच अडायची. पुढचं तिला सांगताच यायचं नाही. ते 'तेव्हा' म्हणजे काय, एवढं एकच मला आयुष्यात कळायला हवं होतं.

मला विकत घेतलं ते या घरातल्या मुलीनं. ती बाबांना समजावत होती, "पडद्यावर कोणी मागून चालत आलं ना, की पावलं खरंच आपल्या पाठीमागे वाजतात. त्यासाठी सोफ्यामागे एक स्पीकर हवा."

बाबांची अट एकच. "एकही वायर दिसता कामा नये. हे घर आहे, दुकान नाही."

मग वायरमननं भिंतीत झिरी पाडली, पाइप बसवला आणि मला त्यातून ओढलं. विजेच्या वायरींपासून मला लांब ठेवलं, नाहीतर स्पीकर उगाच गुणगुणतो. सोफ्यामागे एक डबी बसवून माझं टोक तिच्यात गुंडाळून ठेवलं.

"बाबा, भिंत बुजवायच्या आधी फोटो काढते," मुलगी म्हणाली.

"कशाला? कपाटाच्या कडेपासून दोन वीत, बटणाच्या उंचीवर. डोक्यात पक्कं आहे माझ्या."

"तुमच्या डोक्यात गाडीची किल्लीसुद्धा राहत नाही!"

"मोठ्यांशी बोलायची ही पद्धत झाली?"

झालं! फोटो राहिला. मोठी माणसं मुद्दा संपला की वय पुढे करतात.

पुढे रंगारी आला. "सगळं आरशासारखं सपाट कर," बाबांनी बजावलं. त्या भल्या माणसानं शब्द पाळला आणि डबीवरूनही पुट्टी फिरवली. बाबा भिंतीवर हात फिरवत "वा, वा" म्हणाले. त्यांच्या तळहाताखालीच मी होते. त्यानंतर कपाटाचं दार सोफ्याला अडतं म्हणून आईनं कपाट समोरच्या भिंतीला हलवून घेतलं.

स्पीकर आले तेव्हा बाबा ऐटीत वीत पसरून उभे राहिले. "कपाटापासून दोन वीत..." आणि थबकले.

आईला हसू आवरेना. "मोजा की! कपाटाबरोबर वायरही गेली असेल चालत."

मुलगी मात्र हसली नाही. तिला परगावी नोकरी लागली होती. "जायच्या आधी आपण तिघांनी एकदा बसून पिक्चर बघायचाय. पूर्ण आवाजात. एवढंच मागतेय मी."

वायरमन म्हणाला, "ताई, शोधायचं यंत्र आहे माझ्याकडे. पण अंदाज थोडा चुकतो. एक-दोन भोकं पडतील."

"नव्या रंगाला भोकं? मुळीच नाही," बाबा म्हणाले.

"घर राहायला आहे की दाखवायला?" आईनं विचारलं.

"मग दुसरी वायर सोफ्याखालून टाकू," मुलगी म्हणाली.

"दिसेल ती."

"दिसू दे!"

"नाही म्हटलं ना."

ती गेली. तिच्या बॅगेची चाकं भिंतीजवळून घरंगळत गेली, ती थरथर मला आतपर्यंत जाणवली. मागचा स्पीकर पिशवी पांघरून कपाटावर बसला.

आता बाबा एकटेच पिक्चर बघतात. आवाज माझ्या एका टोकाशी येऊन उभा राहतो. दुसरीकडची वाट बंद, म्हणून आत पाऊल टाकत नाही. इतक्या जवळ येतो आणि तसाच थांबतो! त्यापेक्षा आलाच नसता तर बरं, असं म्हणून पाहिलं. पण ते खरं नाही. तो यावा असं मला रोज वाटतं.

आज दुपारी तिचा फोन आला.

"या सुट्टीत येतेस ना?" बाबांनी विचारलं.

"मागचा स्पीकर लावलात?"

"हट्टी आहेस तू."

"कोणावर गेले?"

बाबांनी फोन खाली ठेवला. मग उठून त्यांनी सोफा ओढला. आता ते बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करताहेत आणि कान देऊन ऐकताहेत. बाजूच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर आहे.

बाबा, मला स्वतःचा आवाज नाही हो, मी फक्त दुसऱ्याचा पोचवते. नाहीतर केव्हाच ओरडले असते. तिथे नाही, तिथे भरीव भिंत आहे. जरा खाली या. आता डावीकडे. घाबरू नका, रंग काय, पुन्हा लावता येतो.

अजून थोडं डावीकडे, बाबा. अजून थोडंसंच.