हवा बघितलीस का?

आमच्या घरात सासूबाई सोडल्या तर सगळे अतिशहाणे. म्हणजे मी आणि माझा नवरा.

गाडी लिटरला जेमतेम अकरा किलोमीटर धावते, पेट्रोल नुसतं ढोसते, असं म्हणून नवऱ्याने ती विकायला काढली. पण दर रविवारी सासूबाई याच गाडीतून अंथरुणाला खिळलेल्या आपल्या बहिणीकडे जातात आणि त्या गावाला बस जात नाही. त्या दिवशी त्या अर्धपोटीच ताटावरून उठल्या. मग माझं डोकं फिरलं.

"एक महिना दे," मी म्हटलं. "पंधरा काढून दाखवले नाहीत तर खुशाल वीक."

कामं वाटून घेतली. चालवणं माझ्याकडे, देखभाल त्याच्याकडे. लांबून लाल सिग्नल दिसला की मी पाय काढून घ्यायची, गिअर वेळेवर बदलायची, रेल्वे फाटकापाशी इंजिन बंद करायची. मागचे हॉर्न मारून मारून दमायचे. दोन वर्षं 'उद्या दुरुस्तीला नेऊ' म्हणून डिकीत पडलेलं शिलाई मशीन मी खाली उतरवलं. यानेही एअर फिल्टर आणि ऑइल बदलून आणलं, खोटं कशाला बोलू. शिवाय दर शनिवारी मी स्वयंपाकघरातून विचारायची, "हवा बघितलीस का?"

"बघितली. छान आहे," हा गॅलरीतून सांगायचा.

तरी आकडा तेरावर जो अडून बसला तो हलेना. महिना संपला आणि रविवारी सकाळी गिऱ्हाईक दारात. गृहस्थ जाणकार होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी टायरला बुटाने टोकलं आणि म्हणाले, "हवा कमी आहे."

नवऱ्याने आभाळाकडे पाहिलं. "सकाळी जरा कमीच असते. संध्याकाळी छान येते."

गृहस्थ त्याच्याकडे बघत राहिले. मीही.

"तू दर शनिवारी कुठली हवा बघत होतास?" मी विचारलं.

"बाहेरची," तो म्हणाला. "रविवारी आईला न्यायचं असतं ना, म्हणून विचारतेस असं वाटलं."

महिनाभर मी बसक्या टायरांवर गाडी हाकत होते. 'टायर' हा शब्द मीही एकदा उच्चारायला हवा होता, पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही आणि यापुढेही करणार नाही. मी चांगलंच फैलावर घेणार होते त्याला. तेवढ्यात सासूबाई पिशवी घेऊन खाली आल्या.

"आज शेवटचं सोडशील ना रे?" त्यांनी विचारलं. "तिला सांगून तरी येते, आता यायला जमणार नाही म्हणून."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो गृहस्थांकडे वळला. "माफ करा, गाडी द्यायची नाही. आईला मावशीकडे जायचंय."

"मग उद्या येऊ का?" गृहस्थ म्हणाले. "आजच जायचंय ना त्यांना?"

"दर रविवारी," तो म्हणाला.