ऐकल्याशिवाय सुतक नाही

"डॉक्टर, त्ये वाक्य बोलू नका," नानासो म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

डॉक्टरांचं तोंड अर्धं उघडलेलं राहिलं. खाटेवर हौसाबाई निजल्या होत्या, त्यांचंही तसंच होतं. दोन्हीतलं एक तरी तोंड मिटायला हवं, असं शालूबाईला वाटलं. तिनं पुढं होऊन हौसाबाईंची हनुवटी तळहातानं वर दाबून धरली. अंग अजून कोमट होतं.

शालूबाई साताऱ्यातल्या या खाजगी दवाखान्यात मावशी होती. लघवीचं भांडं देणं, अंग पुसणं, चादरी बदलणं आणि शेवटी हनुवटी बांधणं ही तिची कामं. त्यांतलं शेवटचं तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते तिच्याचकडे येई.

"नानासाहेब, पण पेशंट तर..." डॉक्टर म्हणाले.

"आवं, तेच तर म्हणतोय मी! तुमी सांगितलं की मी ऐकलं, आन ऐकलं की सुतक लागलं. आज सातवी माळ हाय. उद्या होम, रातच्याला जागर, आमदार यायचेत, सारं गाव जेवायला. सगळ्या भावकीचे घट उठवाय लागतील. तुमी मला दसरा झाल्यावर सांगा. तवर आईची तब्येत हाय तशीच हाय."

यात खोटं काही नव्हतं. तब्येत आता बदलणार नव्हती.

नियम तसा जुना आणि शहाणपणाचा. पूर्वी सरहद्दीवरच्या शिपायाला घरचं मरण महिन्यानं कळायचं. कळल्यावर त्यानं आंघोळ करायची, कळेपर्यंतच्या दिवसांचा दोष त्याला नाही. लांबच्या माणसाला न कळलेल्या दुःखाचं पाप लागू नये, म्हणून कुणीतरी माया लावून केलेली ही सोय. नानासोंनी ती खाटेपासून चार हातांवर उभं राहून वापरली.

खोलीत मात्र ते आले नव्हते. विटाळ नको म्हणून उंबऱ्याबाहेर उभे होते. नवरात्राचं अनवाणी व्रत होतं. पावलं धुळीनं काळी झाली होती, टाचेला कुठलंसं शेण वाळलं होतं. दवाखान्याच्या फरशीवर त्यांच्या भक्तीचे ठसे उमटले होते आणि ते शालूबाईलाच पुसायचे होते.

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या चौकात देवीच्या उत्सवाचा फलक होता. त्यात नानासोंच्या हात जोडलेल्या फोटोखाली, मोफत आरोग्य शिबिराच्या रकान्यात, डॉक्टरांचा फोटो होता.

"एसी सोळावर ठेवा," डॉक्टर हळूच म्हणाले. "दुपारी मागच्या दारानं शीतपेटी मागवू. मावशी, तुम्ही इथंच बसा. कुणी आलं तर सांगायचं, विश्रांती चालू आहे."

"नाकात कापूस घालू?" शालूबाईनं विचारलं.

"कापूस?" नानासो बाहेरून खेकसले. "आजारी माणसाच्या नाकात कापूस घालत्यात व्हय?"

म्हणून ऑक्सिजनचा मास्क तसाच राहिला. त्यातून काही येत नव्हतं आणि त्यात काही जात नव्हतं. खिडकीच्या काचेच्या कडेनं एक माशी मात्र खोलीत आली. शालूबाई पदरानं तिला हाकत बसली.

हौसाबाई वडूजकडच्या. आठ-दहा दिवस या खाटेवर होत्या, पण जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. सकाळी अंग पुसताना त्या शालूबाईला गावच्या गोष्टी सांगायच्या. एकदा शालूबाईनं चौकातल्या फलकाकडं बघत विचारलं होतं, "तुमची देवी महिषासुराला मारणारी म्हनं. लय मोठी कथा लिवलीय तिथं. देव जमले, त्यांच्या तेजातनं ती निघाली..."

हौसाबाईंना हसता हसता खोकला लागला होता.

"त्ये नान्यानं पुण्याच्या कुणाकडनं लिवून आणलंय. म्हशीचा राक्षस मारणारी असंल कुणाची तरी, आमची न्हाई. आमची देवी म्हंजी सून हुती बाई, आमच्याच घरातली. नवरा मुलुखगिरीवर. सासरच्यांनी तिला उपाशी ठिवली. एक दिस पाण्याला गेली ती हिरीतच ऱ्हायली. कुणी वर काढायला सुदीक गेलं न्हाई. म्हनले, बला टळली. मग पाऊस जो गेला त्यो गेलाच. जनावरं मेली. तवा भ्यालं सगळं. हिरीतला धोंडा आणला, शेंदूर फासला, आन म्हनले, आई, चुकलं."

"आन मग?"

"मग काय. जिती हुती तवा कोरडी भाकर न्हवती, आता दर मंगळवारी पुरण. जितीला दंड घातलेलं फाटकं लुगडं, आता नऊ दिसांला नऊ साड्या. बाईनं खायाचं आसलं तर आधी मरावं लागतं, बघ." मग जरा थांबून त्या म्हणाल्या होत्या, "मालक गेल्यापास्नं मला घटाम्होरं जाऊ देत न्हाईत. मी सोप्यातनंच हात जोडते. पण ती वळखते मला. सुनंला सून वळखती."

हे आठवत शालूबाईनं हौसाबाईंच्या अंगावरची चादर नीट केली. तिच्या स्वतःच्या घरी घट होता. पहाटे माळ घालून ती आली होती. ती काही देव न मानणारी नव्हे. पण या खोलीत तिला देवाचीसुद्धा शिसारी यायला लागली, आणि त्याची तिला भीती वाटली.

दुपार व्हायच्या आत नानासोंच्या बायको, संयोगिताबाई आल्या. मोरपंखी साडी, मोरपंखी बांगड्या, कारण नवरात्रातला आजचा रंग मोरपंखी होता. हातात स्टीलचा डबा. त्याही उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"मावशी, प्रसाद आणलाय. फुलोऱ्याच्या कडाकण्या हायत, खावा." त्यांनी डबा फरशीवर ठेवून पायानं आत सरकवला. मग नाक जरा उचललं. "वास येतोय का वं?"

"सकाळधरनं पडल्यात त्या. ऑक्टोबरचं ऊन हाय बाहेर. शीतपेटी अजून आली न्हाई."

संयोगिताबाईंनी पर्समधून फवाऱ्याची बाटली काढली आणि दारातूनच खोलीत मोगरा मारला. मोगरा आत येऊन बसला, पण खालचं काही उठलं नाही. दोन्ही मिळून जो वास झाला, तो शालूबाईला पुढं कित्येक दिवस जेवणावर बसू देणार नव्हता.

"आत्याबाईंच्या पायातली जोडवी..." संयोगिताबाई म्हणाल्या.

"त्या रांडाव. जोडवी कुठली?"

"व्हय की," त्या म्हणाल्या, आणि खरोखर ओशाळल्या. पंधरा वर्षं सासू विधवा होती हे त्यांना आठवावं लागलं.

तेवढ्यात दाराबाहेर नानासोंचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि तोंड कसनुसं केलं. "विनू."

विनोदिनी म्हणजे हौसाबाईंची लेक, सांगलीला दिलेली, तिथं अंगणवाडीत कामाला. गेल्या रविवारी ती येऊन गेली होती. जाताना शालूबाईचा हात धरून म्हणाली होती, "मावशी, काय झालं तर मला कळवा. दादा कळवायचा न्हाई." शालूबाईनं मान हलवली होती. मान हलवायला काय लागतं.

नानासोंनी फोन स्पीकरवर टाकला. खोटं बोलताना त्यांना बायको साक्षीला लागायची.

"बरी हाय गं. झोपलीय."

"दादा, चार दिस झालं तू बरी हाय, बरी हाय म्हणतोयस. तिच्या कानाला फोन लाव."

"झोपलीय म्हनलं न्हवं!"

"मग शालूमावशीला दे. त्यांनी सांगितलं तर इश्वास ठिवीन."

नानासोंनी क्षणभर विचार केला आणि मग त्यांना तो विचार आवडला. त्यांनी हात लांब करून फोन उंबऱ्याच्या आत धरला. डोळ्यांनी खूण केली. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, "चहा घेतला म्हणा. संध्याकाळी फोन करत्याल म्हणा. दसऱ्यानंतर तुमचं बघतो मी."

शालूबाई उठली. गुडघे वाजले. फोनमध्ये सांगलीतल्या पोरांचा कलकलाट ऐकू येत होता, कुणीतरी बडबडगीत म्हणत होतं.

"मावशी? आई कशीय? तुमी सांगा."

उजाडताना हौसाबाईंनी पाणी मागितलं होतं. दोन चमचे गेले, तिसरा ओठांतून बाहेर आला. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. हे ज्याला सांगायचं ते माणूस सांगलीत होतं, आणि ज्याला ऐकायचं नव्हतं ते दारात.

"पोरी," शालूबाई म्हणाली, "तुझी आई गेली."

नानासोंचा एक हात झटकन कानावर गेला. दुसऱ्या हातात फोन होता. एक कान उघडाच राहिला.

"सकाळी गेली, उजाडायला. मी जवळ हुते, पाणी दिलं मी. तरास न्हाई झाला. तू ये. येताना लुगडं घिऊन ये."

बडबडगीत थांबलं नव्हतं. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि ते बारीक झालं.

"दादाला सांगितलं का?" विनोदिनीनं विचारलं.

शालूबाईनं दाराकडं पाहिलं. "आत्ता सांगितलं."

पहिला हंबरडा संयोगिताबाईंचा होता. "अगं आई गं, घट उठले!" दवाखानाभर तो घुमला. शेजारच्या खोलीतल्या पेशंटनं हात जोडले, कुणासाठी ते न कळता.

नानासो ओरडतील, अंगावर येतील असं शालूबाईला वाटलं होतं. ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. कानावरचा हात तसाच होता. जरा वेळानं तो त्यांनी काढला आणि त्याच्याकडं बघत राहिले. "गेली व्हय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला, आणि शालूबाईला त्यांची दया आली. पण किळस गेली नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिली.

डॉक्टर आले. "मावशी, हे काम तुमचं नव्हतं," ते इंजेक्शन देताना बोलत तसं शांतपणे म्हणाले. "उद्यापासून येऊ नका." मग ते नानासोंकडं वळले आणि सकाळपासून तोंडात धरलेलं वाक्य त्यांनी एकदाचं बोलून टाकलं.

शालूबाईनं मास्क काढला. कापूस घातला.

विनोदिनी ऊन उतरताना आली. अंगणवाडीच्या गणवेशाची गुलाबी साडी, केस सुटलेले, हातात कापडी पिशवी. भावाशी बोलली नाही. पिशवीतून लुगडं काढलं, ते हिरवं होतं.

"वन्सं, हिरवं? आत्याबाईंला?" संयोगिताबाई दारातून म्हणाल्या. आता उंबरा ओलांडायला हरकत नव्हती, तरी त्या आत आल्या नव्हत्या.

"वहिनी, आता ती कुणाच्या घटाम्होरं येत न्हाई. भिऊ नगा."

तिनं आईच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग परत लावला, आणि ठेवला.

"मावशी, लय गार पडलीय," ती म्हणाली. "हितंच आंघोळ घालूया. तिकडं घरी नेल्यावर माणसं घागरीनं गार पाणी वततील. तिला सोसत न्हाई. थंडीत मला म्हणायची, विनू, आधी तू हात घालून बघ."

शालूबाई मागच्या खोलीत गेली. गॅसवर मोठं पातेलं चढवलं. बाहेर नानासो एकेका घरी फोन लावत होते, "व्हय, घट उठवा. व्हय, आजच." चौकात कुणीतरी फलकाच्या दोऱ्या सोडत होतं.

पाण्याला वाफ सुटली. तिनं गॅस बंद केला, बादलीत ओतलं, वर दोन तांबे गार घातलं. बोट बुडवून पाहिलं. अजून कढत होतं. आणखी अर्धा तांब्या घातला, पुन्हा बोट बुडवलं, आणि हौसाबाईंना सोसेल असं झाल्यावरच बादली उचलली.