चिमणी शहाणी झाली

मष्णू मिस्त्रीच्या पायाखालची लोखंडी पायरी निखळली आणि खाली पत्र्यावर जाऊन खणाणली. तोवर त्याचे दोन्ही हात चिमणीच्या माथ्याला पोचले होते, म्हणून वाचला. कसाबसा वर चढून तो काठावर घोड्यावर बसावं तसा बसला. पुढची पायरी मात्र पायाला पुरत नव्हती; खाली उतरायची वाट आता उरली नव्हती.

"मिस्त्री, लागलं काय वो?" खालून तम्मण्णा गवंडी ओरडला.

"न्हाय! लांब दोर आण कुठनं तरी!"

खानापूरच्या त्या कौलांच्या कारखान्यात दर खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली, की मष्णूनं आपणच बांधलेल्या चिमणीवर चढायचं. तिच्या तोंडाआत, वारा लागणार नाही अशा खोबणीत, पाण्यानं भरलेली पितळी वाटी ठेवायची. वाऱ्याचा झोत आला की चिमणी डुले. उंच चिमणी डुलायचीच, त्यात भिण्यासारखं काही नाही. वाटीतलं पाणी हिंदकळे. झोत ओसरल्यावर ते पाणी थिरावेपर्यंत मष्णू वरून "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" अशी हाक देत राही आणि खालची माणसं "चांगभलं!" म्हणून ओरडत. हाका जितक्या कमी, तितकी चिमणी गुणाची. पहिल्या वर्षी सगळ्यांचे घसे बसले होते. गेल्या साली दोन-तीन हाकांतच भागलं, तेव्हा मालकांनी पेढे वाटले. मष्णूनं होकार दिला की दसऱ्याला भट्टी पेटायची.

आजही त्यानं कमरेच्या बुधलीतलं पाणी वाटीत ओतून ती खोबणीत ठेवली. चोर्ला घाटाच्या बाजूनं झोत आला. चिमणी कलली, परत आली. मष्णूनं काठाला मिठी मारली आणि हाक दिली. दुसरी द्यायला तोंड उघडलं, तर पाणी केव्हाच थिरावलं होतं.

"एकाच हाकंत!" खाली एकच गलका झाला. "शहाणी झाली की वो चिमणी!"

मष्णूही हसला असता. पण वाटीतल्या पाण्यावर पांढरी साय धरली होती. विहिरीचं स्वच्छ पाणी त्यानं स्वतः भरून आणलं होतं. त्यानं बोट बुडवलं, चोळून पाहिलं. चुना.

पुढचा झोत आला तेव्हा त्यानं विटांना कान लावला. आत जातं फिरावं तशी घरघर उठली आणि झटक्यात थांबली. वाटीत आणखी भुकटी पडली. मघाची पायरीही मोडली नव्हती, पीठ झालेल्या चुन्यातून अलगद सुटून आली होती. आता त्याला कळलं. चिमणी सावरत नव्हती. सांधे सुटलेल्या विटा एकमेकींवर घासत होत्या आणि तिचं डुलणं आतल्या आत जिरवत होत्या. जितकी फुटेल, तितकी लवकर गप्प. आणि गप्प झाली की हे शहाणे पेढे वाटणार! ही परीक्षा काढली कुणी? त्यानंच.

ऊन चढलं. दोराचा पत्ता नव्हता. वारा येई, चिमणी डुले आणि लगेच निमूट होई. ते निमूटपण मष्णूला सोसवेना.

त्याला बाळाबाई आठवली. निपाणीला दिलेली लेक. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी येऊन सासरी परतताना दाराची चौकट धरून रडली होती, गाडी पार वळणाआड गेली तरी तिचा आवाज येत होता. औंदा तिनं एकदा पदर डोळ्याला लावला आणि गाडीत जाऊन बसली. "रुळली गं बाई लेक," त्याची बायको मालुबाई म्हणाली होती. आणि बापानं जोतिबाला नारळ फोडला होता.

वर, त्या काठावर, तो म्हातारा एकटाच रडला.

उन्हं कलल्यावर तम्मण्णानं उरलेल्या पायऱ्यांपर्यंत चढून दोर वर फेकला. मष्णूचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच मालक पुढं आले.

"मग? उद्या पेटवू न्हवं?"

"काडी लावू नका. पाडा ती."

"अवो, एवढी शांत झाली..."

"पाडा म्हणतो न्हवं! एकांदा मरंल खाली."

घरी मालुबाईनं सणाच्या तोंडावर कुठं निघालात म्हणून आकांत केला. तो पहाटेच निघाला आणि बेळगावहून मोटारीनं दसऱ्याच्या संध्याकाळी निपाणीत पोचला.

बाळाबाईनं बापाच्या हातावर सोनं ठेवलं. आपट्याचं पान देताना चोळीची बाही वर सरकली. तिनं हात चटकन पदराआड घेतला, पण तोवर दंडावरचा काळानिळा वळ त्याला दिसला होता.

"बरी हाईस न्हवं गं?"

"बरी हाय की, आप्पा." प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं.

मष्णूनं तिच्याकडं पाहिलं. मग तिनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या न पिताच खाली ठेवला.

"लुगडी बांध. घरला जायचं."

ती मटकन खाली बसून लहानपणी रडायची तशी मोठ्यानं रडू लागली. आतून सासू खेकसली,

"गप की गं! सणासुदीचं."

"गप करू नका तिला," मष्णू म्हणाला आणि लेकीशेजारी जमिनीवर बसला. "रडू दे. मला घाई न्हाय."