माझं ‘गंभीर’ कार्ड

मी सरावातला बाहुला बोलतोय. पोटात वाळू, वजन सत्तर किलो, आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत एकेचाळीस वेळा मेलेला! कारखान्यातून विषारी वायू सुटला तर काय करायचं, याचा सराव लष्कर करतं. तेव्हा मरायला कुणीतरी लागतंच की!

प्रत्येक जखमीच्या गळ्यात कार्ड असतं. ज्याचं ‘गंभीर’, त्याला आधी उचलायचं. माझं कायम ‘मृत’. सगळे मला ओलांडून जातात. एकानं तर माझ्या पोटावर बसून डबा खाल्ला.

गेल्या उन्हाळ्यात मात्र माझं भाग्य उजळलं. कार्डं वाटताना गडबड झाली नि ‘गंभीर’ माझ्या गळ्यात आलं! ‘मृत’ गेलं शेजारच्या काकूंकडे. हौसेनं जखमी व्हायला आलेल्या गृहिणी त्या. शिट्टी होईपर्यंत हलणार नाही, असा त्यांनी कॅप्टनसाहेबांना शब्द दिला होता. व्रतच ते! नाकावर माशी बसली, तरी बाई जप करीत निपचित.

रबरी पोशाखातला एक जवान माझ्याकडे धावत आला. म्हटलं, सुटलो एकदाचा! तर तोच धाडकन माझ्या अंगावर कोसळला.

“वा, काय पडलाय!” परीक्षकांनी वहीत गुण लिहिले.

काकूंनी एक डोळा उघडला, मग ताडकन उठल्याच. “अहो, हा उन्हानं खरंच बेशुद्ध पडलाय!”

“काकू, तुम्ही मेलेल्या आहात! गप पडा!” कॅप्टनसाहेब ओरडले.

“मेले तुमच्या कागदावर! आधी याला उचला!”

स्ट्रेचरवाला डोकं खाजवत म्हणाला, “पण याचं कार्ड कुठंय? कार्डाशिवाय कसा उचलू?”

काकूंनी कपाळावर हात मारला, शब्द मोडल्याबद्दल देवाची क्षमा मागितली, नि माझं कार्ड ओढून त्याच्या गळ्यात घातलं. “घ्या! झालं समाधान?”

मग काय विचारता! सगळे विजेसारखे हलले. पोशाख फाडला, पाणी ओतलं, सलाईन लावलं. जवान वाचला. मी बेचाळिसाव्यांदा मेलो.

आता माझी शिवण उसवलीय, वाळू गळते. पण सराव सुरू झाला, की तोच जवान आडव्या पडलेल्या प्रत्येकाजवळ वाकून विचारतो, “खरंच बरं आहे ना?” मलाही विचारतो. बाकीचे फिदीफिदी हसतात. हसू देत बापडे.

तुम्हालाही कुणी पडलेलं दिसलं, तर आधी वाकून विचारा, बाबांनो. कार्ड मागाहून शोधा.