ओ आणि एनच्या मधला ठिपका

"दोन आहेत. एक खरी, एक खोटी. कुठली कुठली ते सांगा," असं म्हणून नॉरिस टनिक्लिफने दोन्ही पेनी हिरव्या कापडावर चेअरमन पास्कपुढे ठेवल्या.

इंग्लंडमधल्या लीक गावच्या नाणे मंडळाची शनिवारची बैठक चालू होती. लांब टेबलाभोवती आठ-दहा म्हातारे बसले होते आणि मध्ये दिवा होता.

"बघा रे," बर्ट हॅसल शेजाऱ्याला कोपर मारत म्हणाला, "बसगाड्या दुरुस्त करणारा चेअरमनची परीक्षा घेतोय. मंडळाचं आता काही खरं नाही."

पास्क हसला. गावच्या बाजारात त्याने जन्मभर खाटकाचं दुकान चालवलं होतं. बोटं जाडजूड होती, पण नाणं मात्र अंड्यासारखं जपून, कडेने धरायची. त्याने खिशातलं भिंग काढलं.

दोन्ही पेनी १८९७ सालच्या होत्या. अशा पेनी लाखोंनी निघाल्या आणि घरोघरी पडून राहिल्या. पण टांकसाळीतल्या एका ठशाला कधीतरी इजा झाली, आणि त्या ठशाखालून निघालेल्या पेनीवर 'वन पेनी'मधल्या 'वन' या शब्दात ओ आणि एनच्या मधे एक बारीकसा ठिपका उमटला. तशी पेनी सापडली तर नाणेवाले जेवणखाण विसरतात. म्हणूनच काही लोक साध्या पेनीवर डाखाचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, थेंब सोडून ती घरी बनवतात.

सहा वर्षांपूर्वी नॉरिसच्या बायकोने, मेव्हिसने, अशी पेनी याच टेबलावर आणली होती. मंडळात ती एकटीच बाई. नॉरिसला नाण्यांतलं काही कळत नसे. तो तिला सोबत म्हणून यायचा आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसायचा. चर्चच्या जुन्या बाजारात बटणांच्या डब्यात तिला ती मिळाली होती. पास्कने भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "मिसेस टनिक्लिफ, नवऱ्याला सांगा, डेपोतला डाख डेपोतच वापरत जा म्हणावं."

सगळे खो खो हसले. मेव्हिसही हसली. बसथांब्यावर आल्यावर मात्र ती म्हणाली, "मला घरी ने, नॉरिस." त्यानंतर ती मंडळात गेली नाही. ज्या भिंगाशिवाय तिचा रविवार जात नसे, ते तिने कपाटात टाकलं. चार माणसांत आपल्याला खोटी ठरवलं, आपल्या नवऱ्यालाही, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही. गेल्या शरदात ती गेली.

तिचं सगळं झाल्यावर नॉरिस ती पेनी घेऊन बर्मिंगहॅमच्या नाणे मेळ्यात गेला. तिथल्या व्यापाऱ्याने पेनी पाहिली, नॉरिसला खुर्ची दिली आणि भागीदाराला हाक मारली. "अहो, बसा," तो म्हणाला. "खरी आहे ही."

त्या दिवसापासून नॉरिसच्या डोक्यात पास्कशिवाय दुसरं काही नव्हतं. हिवाळाभर तो मागच्या शेडमध्ये साध्या पेनीवर डाखाचे थेंब सोडत बसला. कितीतरी बिघडल्या तेव्हा एक हवी तशी जमली. बेत असा होता: पास्क मेव्हिसच्या पेनीला पुन्हा खोटी म्हणेल, आपण बनवलेलीला खरी म्हणेल, आणि मग त्या 'खऱ्या' पेनीवरचा ठिपका आपण सगळ्यांदेखत नखाने उडवायचा. पुढे काय बोलायचं तेही त्याने दाढी करताना आरशापुढे घोकलं होतं.

पास्कने पहिली पेनी उजेडात तिरकी धरली आणि बाजूला सारली.

"ही डाखाची. काम छान आहे, पण ठिपका वरून बसवलाय. कडेला खाच दिसते, शिवाय एनला जरा जास्तच चिकटलाय. ठशातला ठिपका नाण्यातूनच वर आलेला असतो. एकच ठसा, तेव्हा जागाही एकच. केसभर इकडेतिकडे नाही."

त्याने दुसरी उचलली. त्याचा आवाज खाली आला. "ही खरी."

नॉरिसचं घोकलेलं सगळं फुकट गेलं. मग त्याच्या लक्षात आलं. खाटकाने ओळखायला क्षणही घेतला नव्हता.

"ही मेव्हिसची आहे," नॉरिस म्हणाला.

बर्टने तोंड उघडलं. "अहो पण चेअरमन, तेव्हा तर तुम्ही..."

"तेव्हा चष्मा जुना होता," पास्क म्हणाला.

"चष्मा हाच होता," नॉरिस म्हणाला. "तेव्हाही कळलं होतं ना?"

पास्क पेनीकडेच बघत होता. "लगेच कळलं," तो म्हणाला. "अरे, जुन्या पेनी बंद होईपर्यंत रोज रात्री मी गल्ला चाळलाय. रक्ताने माखलेल्या हातांनी. एक नाही मिळाली. आणि तुझी बायको हसत हसत येते, म्हणते बटणांच्या डब्यात होती! वाटलं, खोटी म्हटली की टाकून देईल. मग मी मागून घेईन."

"तिने नाही टाकली."

"नाही टाकली." पास्कने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते, पण पेनीवरची बोटं सुटली नव्हती. "आता मला दे, नॉरिस. माझ्याकडे एवढी एकच नाही. खाली पाटी लावीन, मेव्हिस टनिक्लिफ यांना सापडलेली. सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. बोल, आत्ता मागतो."

"आधी माझ्या हातावर ठेवा."

पास्कने ठेवली. नॉरिसने कोटाच्या आतल्या खिशातून बारीक कानस काढली. डेपो सुटला तरी ती त्याच्या खिशातून सुटली नव्हती.

"नॉरिस, नको."

"नको काय? डाखच आहे ना? तुम्हीच म्हणालात. सगळे साक्षीला आहेत." त्याने पेनी टेबलाच्या कडेवर अंगठ्याने दाबून धरली. "डेपोतला डाख आहे, काढून टाकतो."

पास्क ताडकन उठला, त्याची खुर्ची मागे पडली. पण टेबल रुंद होतं आणि त्याचे गुडघे म्हातारे होते. कानशीचा आवाज फार मोठा नव्हता. नॉरिसने फुंकर मारली. ओ आणि एनच्या मधे तांबूस ओरखडा चकाकत होता.

"घ्या चेअरमनसाहेब. आता साधी पेनी झाली. टाका गल्ल्यात."

पास्कने ती घेतली नाही. तो उभाच राहिला, दोन्ही हात टेबलावर टेकून. बर्टने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. नॉरिसने टोपी घातली आणि जिना उतरला. दोन्ही पेनी कापडावरच राहिल्या.

घरी येऊन त्याने ओटकेकवर, ओटच्या पिठाच्या धिरड्यावर, चीज पसरलं आणि तो ग्रिलखाली सरकवला. मेव्हिस गेल्यापासून संध्याकाळी स्वयंपाक करताना तो तिला दिवसभराचं सांगत असे.

"पास्कने ओळखली बरं का," तो म्हणाला. "बघता क्षणी. खरी आहे म्हणाला, सगळ्यांसमोर. बर्टचं तोंड बघायला हवं होतंस. आणि तुझी माफी मागायला तयार होता, खाटीक झाला म्हणून काय झालं. मग मी..."

चीज कडेने काळं पडायला लागलं. त्याने गॅस बंद केला. फडक्याने धरून ट्रे बाहेर ओढला.

"मग काही नाही," तो म्हणाला. "मग सगळ्यांनी चहा घेतला, आणि मी आलो."