कवटीला कवळी

कवटीच्या परीक्षेत मी नापास झालो. आता हे झालंच नाही असं धरून पुढे सांगतो, कारण घरात आम्ही सगळे तेच करतोय.

तर माझं उत्तम चाललं होतं. चित्रकलेच्या वर्गात समोर कवटी ठेवलेली, ती बघून काढायची. बाईंचं रोजचं पालुपद एकच, "माहितीये ते काढू नकोस, दिसतंय ते काढ." सुरुवातीला माझी कवटी भोपळ्यासारखी यायची, नंतर रुसलेल्या आत्यासारखी. हळूहळू खोबण्या खोल गेल्या, गालाची हाडं जागेवर आली. नाकाने मात्र नाकी नऊ आणले, आणि कवटीला तर नाकच नसतं.

जमलं तर दुसरं वर्ष, नाहीतर पप्पांच्या दवाखान्यात लोकांच्या हनुवटीखाली भांडं धरायचं, असं ठरलं होतं. पप्पा दातांचे डॉक्टर.

परीक्षा जवळ आली तशी बाईंनी सरावाला कवटी घरी नेऊ दिली. जेवताना पप्पांनी विचारलं, "कुठवर आलं?"

"झालंच. फक्त दात काढायचे राहिलेत."

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!"

मला वाटलं, धीर देतायत.

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर कवटीचं बोळकं झालेलं. शेजारी वाटीत दात, स्वच्छ धुतलेले.

"सगळे काढले," पप्पा हात पुसत म्हणाले. "एका दाढेनं छळलं. पण पेशंट शांत होता हं."

"पप्पा, कागदावर काढायचे होते!"

"कागदावर?" ते वाटीकडे बघत राहिले. चेहरा इतका पडला की शेवटी मलाच त्यांची समजूत काढावी लागली.

आई म्हणाली, "या घरात दात काढण्याचा एकच अर्थ आहे. तूच जपून बोलायचं."

दात काही परत बसेनात. परीक्षेच्या सकाळी बघतो तर कवटीच्या तोंडात नवीकोरी कवळी. पप्पांनी स्वतः माप घेऊन केलेली, हिरड्यांसकट.

परीक्षेला तीच कवटी. मी दिसलं ते काढलं.

परीक्षक वाकून म्हणाले, "कवटीला हिरड्या?"

"समोर आहेत, सर."

"कवटीला हिरड्या नसतात, एवढं माहीत नाही?"

"माहितीये. पण माहितीये ते काढायचं नसतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. शेरा मिळाला: निरीक्षणाचा अभाव.

पप्पांनी घरी विचारलं, "हलत नव्हती ना?"

"जराही नाही."

"वाटलंच मला," ते म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

निकालाचं कुणी बोलत नाही. मी दवाखान्यात भांडं धरतो, तेही आपलं सहज, आलोच आहे तर.

सबब, परीक्षा विभागास नम्र विनंती की, फेरपरीक्षा होईपर्यंत अर्जदाराच्या वडिलांची अन्य कुटुंबात तात्पुरती बदली करण्यात यावी, आणि परीक्षा संपताच त्यांना विनाविलंब परत पाठवावे, कारण ते आम्हाला लागतात.